दोन मॉनिटरवरचा वॉलपेपर सारखा का बिघडतो आणि तो कायमचा कसा बसवायचा

वॉलपेपर लावला, काही दिवस नीट राहिला, आणि एका सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर डावीकडचा फोटो उजवीकडे. कधी दोन्ही स्क्रीनवर एकच फोटो, कधी एक स्क्रीन नुसती काळी. पुन्हा लावायचा, पुन्हा तेच. सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात कॉम्प्युटर बसवून देण्याचं काम करताना ही तक्रार सारखी कानावर येते. पूर्वी दोन मॉनिटर म्हटलं की शेअरबाजारवाले नाहीतर फोटो स्टुडिओ. आता मार्केट यार्डातल्या अडत दुकानातही एका स्क्रीनवर हळदीचे भाव आणि दुसरीवर खातं उघडं असतं, आणि सीएंच्या ऑफिसात तर दोन स्क्रीनशिवाय रिटर्न भरायला कोणी बसायला तयार नसतं.

वॉलपेपर बिघडला की माणूस फोटो बदलून बघतो. मग दुसरा, मग तिसरा. त्याने काही होत नाही, कारण दोष फोटोत क्वचितच असतो. कुठला फोटो कुठे लावायचा हे विंडोज मॉनिटरच्या ओळखीवरून ठरवतं, आणि ती ओळख पोर्ट, केबल, कनव्हर्टर यांच्यावर अवलंबून असते. ती बदलली की फोटोची जागाही बदलते. म्हणून आधी मॉनिटर पक्के करायचे, मग त्यांची मांडणी, आणि फोटोला हात सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की तीच कटकट दर आठवड्याला.

खालचं सगळं विंडोज 11 धरून लिहिलं आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी आपल्याकडे ती भरपूर मशीनवर चालू आहे. तिथेही वॉलपेपरचं वागणं जवळपास हेच, मेनूची नावं थोडी इकडेतिकडे. विंडोज 7 वाल्यांना मात्र यातलं बरंचसं लागू नाही. प्रत्येक मॉनिटरला वेगळा फोटो आणि 'स्पॅन', म्हणजे एकच फोटो सगळ्या स्क्रीनवर पसरवणं, या दोन्ही सोयी विंडोज 8 बरोबर, 2012 मध्ये आल्या.

उदाहरणाला सांगलीचा आयर्विन पूल घेतो, कारण दोन स्क्रीनवर पसरवायला इथले लोक हटकून तोच फोटो आणतात. 1929 चा कमानींचा पूल, खाली कृष्णा, दोन्ही बाजूंना काठ. लांबट, आडवा विषय, त्यामुळे दोन मॉनिटरला सोयीचा. आणि बिघाड लगेच कळतो. फोन उचलला की पहिलं वाक्य, "दादा, पूल परत तुटला."

बिघडतं कधी, ते आधी बघा

फोटो आपोआप अदलाबदल होतात, मशीनला कोणी हात न लावताही? मग बहुतेक स्लाइडशो चालू आहे, आणि तो चालू आहे हे तुम्हाला माहीतच नाही. असं होतं ते एका सवयीमुळे. फोल्डर उघडायचं, दोन फोटो एकदम निवडायचे, राईट क्लिक करून 'सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड' म्हणायचं. दोन मॉनिटरवर दोन फोटो येतात, माणूस खूश. पण एकापेक्षा जास्त फोटो दिले की विंडोज आतून स्लाइडशो सुरू करतं आणि ठरावीक वेळाने फोटो फिरवतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, बॅकग्राउंड इथे जा. 'पर्सनलाइज युवर बॅकग्राउंड' समोर 'स्लाइडशो' दिसत असेल तर ते 'पिक्चर' करा. कित्येकांचं काम इथेच संपतं, पुढचं वाचायची गरज पडत नाही.

स्लाइडशो नसेल तर बिघाडाची वेळ पकडा. एक साधी परीक्षा आहे. वॉलपेपर नीट लावून मशीन रिस्टार्ट करा. नीट राहिला तर तसाच शटडाऊन करून पुन्हा चालू करा. रिस्टार्टला ठीक आणि शटडाऊननंतर बिघाड, असं दिसलं तर संशय 'फास्ट स्टार्टअप'वर. ही सोय चालू असताना शटडाऊन पूर्ण शटडाऊन नसतं. विंडोज स्वतःच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ती बंद करायला कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' वरची खूण काढा. एसएसडी असेल तर चालू व्हायला लागणाऱ्या वेळात फार फरक जाणवत नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर जाणवेल, मग काय हवं ते तुम्ही ठरवा.

लाईट जाऊन आल्यावर, मॉनिटरचं बटण बंद-चालू केल्यावर किंवा मशीन स्लीपमधून उठल्यावर बिघडत असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी. आपल्याकडे सगळ्यात जास्त केसेस याच.

मॉनिटरची ओळख पक्की करा

प्रत्येक मॉनिटरच्या आत स्वतःबद्दलची माहिती साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ भाग फक्त 128 बाइटचा. त्यात कंपनीची तीन अक्षरी खूण, मॉडेलचा क्रमांक, सिरियल नंबर आणि चालणारी रिझोल्यूशन इतकं असतं. केबल जोडली की ग्राफिक्स कार्ड ही माहिती वाचतं. मग मॉनिटर कोणता आणि तो कुठल्या पोर्टला आहे, या दोन्हींवरून विंडोज त्याचा एक पत्ता बनवतं. 'मॉनिटर 2 वर हा फोटो' ही नोंद त्या पत्त्यावर होते.

आता दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी टेबल पुढे ओढलं, मागच्या सगळ्या पिना काढल्या, पुसल्या आणि बसतील तिथे खोचल्या. मॉनिटर तेच, पण पोर्ट बदलले. विंडोजच्या लेखी हे दोन नवे मॉनिटर. दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असतील तर घोळ आणखी पक्का, कारण समोरून बघून काही बदललंय हे कोणाला कळतही नाही. उपाय अगदी फुकटचा आहे. केबलच्या दोन्ही टोकांना आणि सीपीयूच्या पोर्टजवळ कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर 'डावा' आणि 'उजवा' लिहा. मी बसवलेल्या मशीनवर हे असतंच, आणि त्यावरून लोक हसतातही.

पोर्टचंच आणखी एक. एक केबल ग्राफिक्स कार्डला आणि दुसरी मदरबोर्डच्या एचडीएमआयला, असं कित्येक ठिकाणी दिसतं. चालतं ते, पण दोन वेगळे ड्रायव्हर दोन मॉनिटर वेगवेगळ्या वेळी जागे करतात आणि क्रम बदलायला निमित्त मिळतं. कार्डावर दोन आउटपुट असतील तर दोन्ही केबल कार्डालाच लावा.

स्वस्त कनव्हर्टर हा दुसरा गुन्हेगार. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असतं, नव्या मशीनला व्हीजीए नसतं, म्हणून मध्ये एक छोटा कनव्हर्टर येतो. यातले काही ईडीआयडी नीट पुढे पोचवत नाहीत. तपासायला स्टार्ट बटणावर राईट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'मॉनिटर्स' पसरवा. तिथे 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' असेल तर काळजी नाही, ते नेहमीचंच. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असेल तर विंडोजला तो मॉनिटर ओळखता आलेला नाही. त्यात रिझोल्यूशनही बहुधा चुकीचं धरलं जातं, आणि मग फोटो फाटल्यासारखा, ताणल्यासारखा दिसतो. अशा वेळी सेटिंग्ज उकरत बसण्यापेक्षा कनव्हर्टर बदला. मॉनिटरला डीव्हीआय असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय केबल सरळ चालते, मध्ये काही लागत नाही.

डिस्प्लेपोर्टची तऱ्हा वेगळी. डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर बटणाने बंद केले की कॉम्प्युटरला केबलच काढल्यासारखं वाटतं. विंडोज लगेच एका मॉनिटरची मांडणी करतं, सगळ्या खिडक्या उरलेल्या स्क्रीनवर गोळा होतात, आणि स्पॅन केलेला फोटो एकाच स्क्रीनवर बसतो. मॉनिटर चालू केला की पुन्हा दोनाची मांडणी. बहुतेक वेळा सगळं परत जागेवर येतं, कधी येत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' अशी एक खूण आहे. ती चालू असलेली बरी, पण ती खिडक्यांसाठी आहे, वॉलपेपरसाठी नाही. वॉलपेपरच्या दृष्टीने सरळ उपाय म्हणजे मॉनिटर बटणाने बंद करू नये, स्लीपला जाऊ द्यावा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप' किंवा 'ऑटो सोर्स' असं काही असेल तर तेही बंद करून बघावं.

आणि यूपीएस. सीपीयू आणि मुख्य मॉनिटर यूपीएसवर, दुसरा मॉनिटर जागा नाही म्हणून थेट भिंतीच्या बोर्डवर, ही मांडणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आत शिरल्याशिरल्या टेबलाखाली बघतो. लाईट क्षणभर जाते, दुसरा मॉनिटर विझतो, परत पेटतो, तोवर विंडोजने मांडणी बदललेली असते. पावसाळ्यात हे दिवसातून कितीदाही होतं. एलईडी मॉनिटर साधारण 20 ते 30 वॉट खातो. तेवढ्याने साधा यूपीएस दमत नाही. दोन्ही मॉनिटर यूपीएसवर घ्या, लागलंच तर प्रिंटर काढा. लेझर प्रिंटर तर यूपीएसवर नसावाच.

मांडणी: चौकोन नीट जुळवा

आता सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले. वर आकडे लिहिलेले चौकोन दिसतात. 'आयडेंटिफाय' दाबलं की कुठली स्क्रीन कुठल्या आकड्याची ते कळतं. टेबलावर जो मॉनिटर डावीकडे आहे तो इथेही डावीकडे ओढा आणि 'अप्लाय' करा. चौकोनांच्या खालच्या यादीत 'एक्स्टेंड दीज डिस्प्लेज' असलं पाहिजे. तिथे 'डुप्लिकेट' असेल तर दोन्हीकडे एकच फोटो येणार, त्याला वॉलपेपर काय करणार? विंडोज आणि पी ही बटणं चुकून एकत्र दाबली गेली की हे बदलतं. लहान मुलं कीबोर्डवर बसली की हमखास.

खरी गंमत चौकोनांच्या उंचीत आहे. दोन्ही मॉनिटर 1920 बाय 1080 असले, पण एक चौकोन दुसऱ्यापेक्षा 40 पिक्सेल खाली राहिला, तर विंडोजच्या हिशेबात एकूण पट्टा 3840 बाय 1080 न राहता 3840 बाय 1120 होतो. स्पॅन केलेला फोटो त्या मोठ्या पट्ट्यात बसवला जातो आणि प्रत्येक स्क्रीनला त्यातला वेगळ्या उंचीचा तुकडा मिळतो. पुलाचा कठडा डाव्या स्क्रीनवर एका उंचीला, उजव्या स्क्रीनवर दुसऱ्या. चौकोन ओढताना वरच्या कडा एकमेकांना चिकटल्या की नाही ते डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून माऊसने तपासा. बाण स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेने एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर सरकवा, मग खालच्या कडेने. कुठे अडला किंवा उडी मारली तर चौकोन जुळलेले नाहीत.

स्केलबद्दल विचारतात म्हणून सांगतो. 125 किंवा 150 टक्के स्केल ठेवल्याने अक्षरं आणि आयकॉन मोठे होतात, वॉलपेपरचं माप मॉनिटरच्या खऱ्या पिक्सेलवरच ठरतं. त्यामुळे वॉलपेपरसाठी स्केल बदलू नका. रिझोल्यूशन मात्र प्रत्येक मॉनिटरला 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा.

एकाच मापाचे मॉनिटर: स्पॅन

दोन्ही मॉनिटर एकाच मापाचे असतील तर काम सोपं. पर्सनलायझेशन, बॅकग्राउंड, 'पिक्चर', फोटो निवडा, आणि 'चूज अ फिट' मध्ये 'स्पॅन'. विंडोज दोन्ही स्क्रीन मिळून एक पट्टा धरतं आणि फोटो त्यावर भरतं.

पण फोटो त्या आकाराचा लागतो. मोबाईलवर काढलेला साधा फोटो 4000 बाय 3000 असतो असं धरा. 3840 रुंदीच्या पट्ट्यावर तो बसवला की उंची होते 2880, आणि पट्ट्याला हवेत फक्त 1080. म्हणजे उंचीतला जेमतेम 37 टक्के भाग दिसतो, बाकी वरखाली कापला जातो. पुलाच्या फोटोत मग आकाश जातं, पाणी जातं, आणि मधल्या कमानी तेवढ्या उरतात. म्हणून फोनच्या पॅनोरामा मोडमध्येच काढा, किंवा लांबून काढून मधला पट्टा आधीच कापून घ्या: दोन मॉनिटरला 3840 बाय 1080, तीन असतील तर 5760 बाय 1080. खाली टास्कबार बसतो, विंडोज 11 मध्ये तो 100 टक्के स्केलला 48 पिक्सेल उंच असतो. तिथे पाणी येऊ द्या, माणसं नको.

फोटो कुठून आला तेही बघा. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेलपर्यंत लहान केला जातो. तो 3840 वर ताणला की जवळजवळ अडीचपट फुगतो, आणि कमानींच्या कडा धुरकट दिसतात. "दादा, मॉनिटर खराब आहे का?" नाही, फोटो लहान आहे. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा केबलने घ्या.

फोटो चांगला असूनही थोडा मऊ वाटत असेल तर त्याचंही कारण आहे. वॉलपेपरसाठी जेपेग लावला की विंडोज त्याची स्वतःची प्रत बनवतं आणि तीत दर्जा साधारण 85 टक्क्यांवर आणतं. स्टुडिओवाल्यांच्या डोळ्यांना हे खटकतं, बाकी कोणाला नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, करंट युजरखाली कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप इथे 'जेपेग इम्पोर्ट क्वालिटी' या नावाची, इंग्रजीत सलग लिहिलेली, डीवर्ड नोंद करून दशमान 100 दिलं की ती कपात थांबते. रजिस्ट्रीची सवय नसेल तर सोडून द्या.

मधल्या दोन पट्ट्या उरतात. मॉनिटरच्या फ्रेममुळे पुलाची एक कमान मध्ये तुटून थोडी रुंद झाल्यासारखी वाटते, कारण फ्रेमच्या मागे फोटोचा काही भाग लपायला हवा होता, तो लपलेला नसतो. 24 इंची 1080 च्या मॉनिटरला इंचाला सुमारे 92 पिक्सेल असतात. दोन फ्रेम मिळून 2 सेंटीमीटर असतील तर ते होतात साधारण 72 पिक्सेल. मग फोटो 3840 ऐवजी 3912 रुंद घ्या, डावीकडचे 1920 एका फाईलमध्ये, उजवीकडचे 1920 दुसरीत, आणि मधले 72 टाकून द्या. पूल सरळ दिसतो, जणू खिडकीच्या गजामागून बघतोय. या दोन फाईल मग स्पॅनने नाही, वेगवेगळ्या लावायच्या. ते कसं, ते पुढे.

वेगवेगळ्या मापाचे मॉनिटर: स्पॅनचा नाद सोडा

आपल्याकडे खरी परिस्थिती ही. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजल्यावरची कितीतरी मशीनं गेली, त्यानंतर जसे मिळाले तसे मॉनिटर आले. एक नवा 24 इंची, शेजारी कुठूनतरी वाचलेला साडेअठरा इंची. किंवा लॅपटॉप आणि शेजारी मोठा मॉनिटर.

24 इंचीला इंचाला 92 पिक्सेल, 1366 बाय 768 च्या साडेअठरा इंचीला 85. फरक आठ टक्क्यांचा. स्पॅन केलं तर लहान मॉनिटरवर कमानी थोड्या मोठ्या दिसतात, रस्त्याची रेघ जुळत नाही. लॅपटॉपबरोबर तर जमतच नाही: 15.6 इंची फुल एचडी स्क्रीनवर इंचाला 141 पिक्सेल, म्हणजे शेजारच्या 24 इंचीवरचा पूल लॅपटॉपवर येताना दीडपट आकसतो. चौकोन कितीही वरखाली करा, उपयोग नाही. माझं स्पष्ट मत असं, की वेगळ्या मापाच्या मॉनिटरवर स्पॅन वापरूच नये. फोटो सेंटीमीटरवर कापावा.

पट्टी घ्या आणि फक्त दिसणारी स्क्रीन मोजा, फ्रेम सोडून. 24 इंचीची रुंदी साधारण 53 सेंटीमीटर, साडेअठराची 41. मधल्या दोन फ्रेम आणि फट मिळून समजा 3. सेंटीमीटरला 40 पिक्सेल असा हिशेब धरला तर डावा तुकडा 2120 पिक्सेल रुंद, मधले 120 टाकाऊ, उजवा तुकडा 1640. एकूण 3880 रुंदीचा फोटो हवा. उंचीलाही तेच: 24 इंचीची दिसणारी उंची 30 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 1192 पिक्सेल, आणि साडेअठराची 23 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे 922. लहान मॉनिटर टेबलावर किती खाली-वर आहे तेही मोजा. त्याची वरची कड मोठ्याच्या वरच्या कडेपेक्षा 5 सेंटीमीटर खाली असेल तर उजवा तुकडा फोटोच्या वरच्या कडेपासून 200 पिक्सेल खाली कापायला सुरुवात करा. मग डावा तुकडा 1920 बाय 1080 वर आणा, उजवा 1366 बाय 768 वर. गिम्प, पेंट डॉट नेट, इरफानव्ह्यू, कशातही होतं, सगळी फुकट आहेत. थोडं चिकाटीचं काम आहे, पण मॉनिटर जागेवरून हलले नाहीत तर पुन्हा करावं लागत नाही.

लावताना बॅकग्राउंडच्या पानावर 'ब्राउज फोटोज' मधून दोन्ही तुकडे आधी आत आणा. ते 'रिसेंट इमेजेस' मध्ये दिसू लागले की एकेकावर राईट क्लिक करून 'सेट फॉर मॉनिटर 1', 'सेट फॉर मॉनिटर 2' द्या. 'चूज अ फिट' मध्ये 'फिल' ठेवा. इथला आकडा आणि डिस्प्लेच्या पानावरचा आकडा जुळेलच असं धरून चालू नका, उलट आलं तर सरळ अदलाबदल करा. 'रिसेंट इमेजेस' मध्ये पाचच फोटो राहतात, त्यामुळे दोन्ही तुकडे लागोपाठ आणा. आणि फाईल पेनड्राइव्हवर, ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये किंवा वनड्राइव्हवर नकोत. सी ड्राइव्हवर 'वॉलपेपर' असं फोल्डर करून तिथे ठेवा, म्हणजे विंडोजला मूळ फाईल पुन्हा लागली तर ती सापडेल.

तीन सारखेच मॉनिटर असतील आणि ते कायम एकच मोठी स्क्रीन म्हणून हवे असतील तर एनव्हिडिया सराउंड किंवा एएमडी आयफिनिटी असा वेगळा मार्ग आहे. त्यात फ्रेमची भरपाईही करता येते. पण मग विंडोजला एकच मॉनिटर दिसतो, 'सेट फॉर मॉनिटर' हे पर्याय जातात. गेम खेळणाऱ्यांना ठीक, हिशेबाच्या ऑफिसात हा घाट घालू नका.

स्क्रीन काळी असेल तर

अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा माणूस रिमोटवरून मशीन घेतो, काम करतो, आणि त्यानंतर वॉलपेपर गायब. बऱ्याच रिमोट सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवण्यासाठी समोरच्या मशीनचा वॉलपेपर लपवायची सोय असते. जोडणी मध्येच तुटली तर तो परत येत नाही. पुन्हा लावा, आणि रिमोट सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ती खूण काढायला सांगा.

त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधलं 'ईज ऑफ ॲक्सेस सेंटर', त्यात 'मेक द कॉम्प्युटर इझियर टू सी', आणि खाली 'रिमूव्ह बॅकग्राउंड इमेजेस'. तिथे खूण असेल तर कितीही फोटो लावा, काळंच दिसणार. लॅपटॉपवर बॅटरीवर असताना स्लाइडशो थांबतो, तो बिघाड नव्हे. आणि पर्सनलायझेशनचं सगळं पान राखाडी दिसत असेल तर विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं नाही.

जुना फोटो चिकटून बसला असेल तर

नवा फोटो लावला तरी एका मॉनिटरवर जुनाच दिसतो, असं असेल तर विंडोजने बनवलेल्या प्रती साफ करा. विंडोज आणि आर दाबा, इंग्रजीत 'ॲपडेटा' टाईप करून आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह द्या, एंटर मारा. मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स असं आत जा. तिथे 'ट्रान्सकोडेड वॉलपेपर' नावाची, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नसलेली फाईल असते. प्रत्येक मॉनिटरला वेगळा फोटो असेल तर 'ट्रान्सकोडेड' पुढे आकडे असलेल्या फाईलही असतात. शेजारी 'कॅश्ड फाइल्स' फोल्डर. हे सगळं काढून टाका, साइन आउट करून परत या, आणि फोटो नव्याने लावा.

पण काढण्याआधी एक क्षण थांबा. मूळ फोटो हरवलाय, ज्याने काढला त्याने फोन बदललाय, आणि वॉलपेपर मात्र अजून स्क्रीनवर आहे, असं असेल तर हीच फाईल डेस्कटॉपवर कॉपी करून नावापुढे जेपीजी एक्स्टेन्शन लावा. फोटो उघडतो. मूळ दर्जा नसेल, पण वडिलांचा पुलावर उभा राहून काढलेला एकमेव फोटो असेल तर दर्जाची पर्वा कोणाला?

लिनक्स आणि मॅक

लिनक्समध्ये डेस्कटॉपचे वेगवेगळे प्रकार असतात: गनोम, एक्सएफसीई, केडीई. उबंटूच्या नेहमीच्या गनोममध्ये फोटो पसरवायचा 'स्पॅन्ड' हा पर्याय आतून आहे, पण साध्या सेटिंगच्या पानावर दिसत नाही. गनोम ट्वीक्स हे छोटं सॉफ्टवेअर घातलं की मिळतो. प्रत्येक मॉनिटरला वेगळा फोटो हवा तर हायड्रापेपर वापरा. एक्सएफसीईमध्ये डेस्कटॉप सेटिंगची खिडकी ज्या मॉनिटरवर ओढाल त्याचा फोटो बदलतो. हे माहीत नसलं की माणूस तासभर शोधत बसतो. केडीईमध्ये त्या मॉनिटरवरच राईट क्लिक करायचं. मॅकमध्ये प्रत्येक डिस्प्लेचा फोटो वेगळाच असतो, एकच फोटो पसरवायची सोय त्यात मुळात नाही, त्यामुळे तिथे वर सांगितलं तसं कापूनच लावा.

एवढं करूनही पूल तुटतच असेल तर ज्याला दाखवणार असाल त्याला वॉलपेपरचा फोटो पाठवू नका. डिस्प्लेच्या पानावरच्या चौकोनांचा स्क्रीनशॉट, डिव्हाइस मॅनेजरमधली 'मॉनिटर्स'ची यादी, आणि सीपीयूच्या मागच्या बाजूचा, सगळे पोर्ट आणि केबल दिसतील असा एक फोटो, एवढं पाठवा.